जयसिंगाच्या दरबारातला डॉन जुआन नेपिअर

अठराव्या शतकाच्या अखेरीस, उज्जैन शिंद्यांच्या अमलाखाली असताना, विल्यम हंटर नावाचा इंग्रजांच्या नोकरीतला डॉक्टर तिथे पोचला. जयपूरचा राजा सवाई जयसिंग याच्या वेधशाळांचा माग काढायचा त्याला नाद होता. उज्जैनला त्याला एक तरुण पंडित भेटला. जयसिंगाच्या पदरी असलेल्या एका ज्योतिष्याचा नातू. त्याच्या संग्रहात युक्लिडचं संस्कृत भाषांतर होतं, त्रिकोणमिती होती, लॉगॅरिदम कसे काढायचे नि वापरायचे यावरचा ग्रंथ होता, सात दशांश स्थळांची कोष्टकं होती आणि शंकुच्छेदांवरही एक ग्रंथ होता. लॉगॅरिदमच्या शोधकाचं नाव पोथीत ‘डॉन जुआन नेपिअर’ असं दिलेलं. स्कॉटलंडचा जॉन नेपिअर पोर्तुगीज तोंडातून जयपूरला आला असावा, हा हंटरचा तर्क. मला तो पटतो.

कारण वाट तीच होती. १७२७ साली जयपूरची पायाभरणी झाली आणि त्याच सुमारास पाद्री फिगेरेदो यांना जयसिंगाने गोव्यामार्गे लिस्बनला धाडलं. परतताना त्यांनी फ्रेंच ज्योतिषी ला हिरची कोष्टकं आणली. महाराजांनी ती वेधांशी ताडून पाहिली, तर चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची चूक! (युरोपातून आलं म्हणून मान डोलावणारा हा राजा नव्हता.) तरीही आकडेमोडीची युरोपीयांची युक्ती दरबाराने उचलली. गोलीय त्रिकोणमितीत ‘ज्या’ म्हणजे साइन यांचे गुणाकार करता करता ज्योतिषी मेटाकुटीला येतात. लॉगॅरिदम त्या गुणाकाराची बेरीज करून देतो. नेपिअरचा ग्रंथ १६१४चा. पुढे ब्रिग्जने पाया दहा धरून कोष्टकं सुटसुटीत केली. जयपुरात केवलरामाने ती ‘विभागसारणी’ म्हणून संस्कृतात आणली.

मूळ कल्पना मात्र इथे अगदीच परकी नव्हती. नवव्या शतकातल्या वीरसेनाच्या ‘धवला’ टीकेत ‘अर्धच्छेद’ आहे: एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते, ती गणती. सोळाचे अर्धच्छेद चार. गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे अर्धच्छेदांची बेरीज, हा नियमही त्यात आहे. हा ग्रंथ १९३९पासून छापून निघू लागला तो आपल्या अमरावतीतून, हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली.

पण दोनचा पाया घ्या नाहीतर दहाचा, ती आपली सोय. मग ‘नैसर्गिक’ लॉगॅरिदम कोणता? याचं उत्तर कोष्टकात सापडत नाही, ते अपास्त नावाच्या शंकुच्छेदात सापडतं. क्ष आणि य यांचा गुणाकार एक, असा वक्र काढा. क्ष एकपासून दोनपर्यंत गेला की वक्राखालचं क्षेत्रफळ भरतं सुमारे ०.६९३१. आता दोनपासून चारपर्यंत मोजा. पट्टा दुप्पट रुंद झाला, पण उंची निम्म्यावर आली. क्षेत्रफळ पुन्हा तेवढंच. म्हणजे क्ष दर वेळी दुप्पट होतो, क्षेत्रफळात मात्र तेवढीच भर पडत जाते. गुणाकाराची बेरीज झाली, आणि पाया कोणी निवडलाही नाही! हे क्षेत्रफळ बरोबर एक होतं ते क्ष सुमारे २.७१८ला पोचल्यावर. ऑयलरने याच संख्येला ‘ई’ हे अक्षर दिलं, तेही जयपूर वसत होतं त्या सुमारास.

घातांकाचा नियम वापरून समाकलन, म्हणजे असं क्षेत्रफळ काढणं, करत गेलं की उणे एक या घातांकाशी अडखळायला होतं, कारण छेदात शून्य येतं. ती रिकामी जागा हाच लॉगॅरिदम भरून काढतो. क्षेत्रफळाचं हे गुपित ग्रेगरी द सेंट व्हिन्सेंट आणि सारासा यांनी १६४७ ते १६४९ या काळात उलगडलं. दोघेही जेझुइट होते, आणि जयसिंगाचा दूत फिगेरेदोही त्याच संघातला! हंटरच्या मते पंडिताजवळचा लॉगॅरिदमचा ग्रंथ कमान्दिनोच्या युक्लिडला जोडलेल्या पुरवणीशी जुळत होता. ती पुरवणी लिहिणारा जॉन कील म्हणजे कलनाच्या (कॅल्क्युलसच्या) श्रेयावरून न्यूटनच्या बाजूने लायबनिझशी भांडलेला गडी. कलनाच्या रणातल्या माणसाचा हात जयपूरपर्यंत पोचला होता, पण दरबाराला हवी होती ती कोष्टकंच.

खरं तर अपास्त दरबाराच्या अंगणातच होता: जयसिंगाच्या जयपुरातल्या वेधशाळेच्या, जंतर मंतरच्या आवारात काठी उभी रोवली, तर तिच्या सावलीचं टोक दिवसभरात जमिनीवर अपास्त रेखतं. फक्त संपातदिनी सरळ रेषा. पंडिताच्या संग्रहात शंकुच्छेद होते नि लॉगॅरिदमही होते. त्यांना जोडणारं कलन मात्र तिथे रुजल्याचं दिसत नाही. याचा दोष मी पंडितांना देणार नाही. पंचांग करणाऱ्याला उद्याचा चंद्र हवा असतो.

मराठीत कलन आणलं बाळशास्त्री जांभेकरांनी, ‘शून्यलब्धिगणित’ लिहून. तरी आजही बारावीचा विद्यार्थी प्रयोगशाळेत लॉगटेबल उलगडतो आणि गणिताच्या तासाला ‘एक भागिले क्षचं समाकलन लॉग क्ष’ हे सूत्र वेगळं पाठ करतो. पहिल्यात दोनसमोर ०.३०१० लिहिलेलं, दुसऱ्यात तेच ०.६९३१ होतं. दोन्हींत फरक फक्त २.३०२६ या गुणकाचा, हे सांगणारे शिक्षक मला विरळाच दिसले. आलेखकागदावर वक्राखालचे चौकोन मोजायला एक तास पुरतो. आधी एक ते दोन, मग दोन ते चार.