आधी सही करू नका

माझ्या परिचयातल्या एका मुलाची नोकरी सकाळी सहाला आलेल्या एका ईमेलने गेली. त्याच संध्याकाळी कंपनीने पाठवलेल्या अठरा पानी करारावर त्याने सही करून टाकली. वाचला का, असं विचारलं तर म्हणाला, "वाचून काय करणार? उशीर केला तर मिळताहेत तेही जातील." शिकलेला, हुशार मुलगा. त्याचं ते 'तेही जातील' माझ्या डोक्यातून जाईना. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारात एल कॅमिनो रिअलवर ठाण्याच्या एक वकीलबाई नोकरीच्या कायद्याचं काम करतात आणि अधूनमधून शनिवारी इतर शाखांतल्या वकिलांना त्या कायद्याची मुळाक्षरं शिकवतात, असं कळलं. तेव्हा मी त्यांना मागे बसायची परवानगी मागितली.

कॅलिफोर्नियात वकिलाला दर तीन वर्षांत २५ तासांचं शिक्षण पूर्ण करावं लागतं. त्यामुळे खोली भरलेली होती. बहुतेक जण व्हिसाचं काम करणारे, काही घरांच्या खरेदी-विक्रीचे, एक घटस्फोटाचे. खालच्या हॉटेलात दुपारची तयारी चालू होती आणि परतलेल्या कांद्याचा वास जिन्यावरून वर येत होता. बाईंनी पुस्तक उघडलं नाही. भिंतीवर एक पगाराची स्लिप दाखवली आणि विचारलं, "पक्षकार समोर बसला की पहिला प्रश्न कोणता?" कुणी म्हणालं, का काढलं? कुणी म्हणालं, कुणी काढलं? बाईंनी मान हलवली. "शेवटचा दिवस कोणता, आणि त्या दिवशी हातात काय पडलं?"

कारणाचा भाग त्यांनी लवकर संपवला. या राज्यात कामावरून काढायला कारण लागत नाही. मात्र बेकायदा कारणासाठी काढता येत नाही. पैशांवर त्या बराच वेळ थांबल्या. कामावरून काढलं, तर सगळी मजुरी त्याच दिवशी द्यायची. साठलेली रजा हीसुद्धा मजुरीच. मालकाने जाणूनबुजून उशीर केला, तर दर दिवसामागे एक दिवसाचा पगार दंड म्हणून चढतो, जास्तीत जास्त ३० दिवसांपर्यंत. आणि ही मजुरी देण्यासाठी 'माझी तुमच्याविरुद्ध काही तक्रार नाही' असं लिहून मागता येत नाही.

"टेबलावर दोन ढीग करा," त्या म्हणाल्या. "एक, जे त्याचंच आहे ते. दुसरा, कंपनी वर काही देऊ करतेय ते. सहीचा संबंध फक्त दुसऱ्या ढिगाशी." मी वहीत लिहून घेतलं. माझ्या परिचयातल्या त्या मुलाला हे दोन ढीग कुणी करून दाखवले असते, तर पहिल्या ढिगाच्या भीतीने त्याने दुसऱ्यावर सही केली नसती.

बाई रंगल्या त्या १८७२ या सालावर. एका कंपनीतून निघून तिच्या प्रतिस्पर्ध्याकडे जायला बंदी घालणारं कलम कॅलिफोर्नियात चालत नाही, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. ते कुठून आलं हे मात्र बहुतेकांना नव्हतं. न्यूयॉर्कचे वकील डेव्हिड डडली फील्ड यांनी दिवाणी कायद्याच्या संहितेचा मसुदा तयार केला होता. न्यूयॉर्कने तो स्वीकारला नाही. कॅलिफोर्नियाने १८७२ मध्ये त्याच्यावर आपली संहिता बेतली. आणि त्याच साली हिंदुस्थानात करार कायदा झाला, त्याचं २७वं कलमही त्याच मसुद्यातून घेतलेलं. ठाण्यात आणि सांता क्लारात माणसाला आपला धंदा कुठेही करण्याची मोकळीक एकाच मसुद्याने दिली. इथे ती पुढे आणखी भक्कम झाली. १ जानेवारी २०२४ पासून असं कलम करारात नुसतं घालणंही बेकायदा आहे आणि जुन्या करारांत ते असेल तर कंपन्यांनी १४ फेब्रुवारीपर्यंत कामगारांना लेखी कळवायचं होतं. इंजिनीयर आज इथे, उद्या समोरच्या इमारतीत, या मोकळिकीवर ही सिलिकॉन व्हॅली उभी राहिली असं मानणारे अभ्यासक आहेत.

मग भेदभाव. इथे त्यांनी सिस्कोचं प्रकरण घेतलं आणि खोलीतली कुजबुज थांबली. ३० जून २०२० रोजी भेदभावाच्या तक्रारी बघणाऱ्या राज्याच्या खात्याने सिस्कोवर दावा लावला. एका दलित इंजिनीयरला वरच्या जातीच्या भारतीय वरिष्ठांनी जातीवरून वेगळी वागणूक दिली, असा आरोप होता. कंपनीने तो नाकारला. दावा आधी केंद्रीय न्यायालयात होता, मग सांता क्लारा काउंटीच्या न्यायालयात आला. एप्रिल २०२३ मध्ये राज्याने दोन वरिष्ठांना त्यातून वगळलं, कंपनीवरचा दावा ठेवला. जातीचा शब्द कायद्यात स्पष्ट घालणारं विधेयक विधिमंडळाने मंजूर केलं होतं, ते राज्यपाल न्यूसम यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये परत पाठवलं. असा भेदभाव आजच्या कायद्यानेही निषिद्ध आहे, असं त्यांचं म्हणणं. एका तरुण वकिलाने विचारलं, "मग जात नक्की कुठे बसवायची?" बाई म्हणाल्या, "वंश, पूर्वज, धर्म, राष्ट्रीय मूळ, सगळं मांडा. पण आधी खात्याकडे तक्रार करा, तीन वर्षांच्या आत. खात्याचं पत्र मिळालं की न्यायालयात जायला एक वर्ष. आणि पक्षकाराला विचारताना त्याच्या आडनावावरून अंदाज बांधू नका, त्याला बोलू द्या." पुण्या-नागपूरहून आलेल्या किती जणांनी या गावात आडनाव सांगताना क्षणभर विचार केला असेल! ही सूचना पाठ्यपुस्तकात सापडायची नाही.

दुपारी बाईंच्या खोलीत सोलापूरचे एक इंजिनीयर आले. नाव-कंपनी लिहायची नाही या अटीवर त्यांनी मला बसू दिलं. वय अडतीस, बायको त्यांच्याच व्हिसावर अवलंबून, मुलगा चौथीत. हातात तसाच करार, अजून सही न केलेला. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, साठ दिवस."

एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की त्याला जास्तीत जास्त साठ दिवस या देशात राहता येतं. शनिवार-रविवार धरून. तेवढ्यात नव्या कंपनीने अर्ज करायचा, नाहीतर दुसऱ्या व्हिसासाठी स्वतः अर्ज करायचा, नाहीतर निघायचं. जानेवारी २०१७ च्या आधी हे साठ दिवसही नियमात नव्हते. मुदतीआधी कामावरून काढलं तर परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च कंपनीने द्यायचा असतो. तो कामगाराचा, बायको-मुलांचा नाही. हे ऐकल्यावर ते गृहस्थ म्हणाले, "म्हणजे मला एकट्यालाच पाठवणार?" बाईंनी पेन खाली ठेवलं आणि त्यांच्यासमोर पाण्याचा ग्लास सरकवला.

मग त्या पान पान वाचत गेल्या. चाळीस किंवा त्याहून जास्त वयाच्या माणसाला असा करार वाचायला केंद्रीय कायदा २१ दिवस देतो, एकदम बऱ्याच जणांना काढलं असेल तर ४५, शिवाय सही मागे घ्यायला ७ दिवस. यांच्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी चव्वेचाळीसचा, त्याला ४५ मिळाले होते. यांना राज्याच्या कायद्याने वकिलाला भेटायला कामाचे किमान पाच दिवस. कंपनीबद्दल बोलण्यावर बंधन घालणाऱ्या करारात भेदभाव किंवा छळाबद्दल बोलायचा हक्क राखून ठेवणारं वाक्य असावं लागतं, ते यात नव्हतं. बाईंनी समासात खूण केली. ओव्हरटाइमचं, रजेचं विचारलं. रजेचे तीन दिवस कमी मोजले होते. दुसरी खूण.

"तक्रार करू का?" गृहस्थांनी विचारलं.

"करू शकता. मजुरीसाठी तीन वर्षं आहेत तुमच्याकडे."

ते नुसते बघत राहिले. हक्काची मुदत तीन वर्षं, आणि तो मागायला इथे राहायची मुदत साठ दिवस. राज्याचा कायदा सांगतो की कामगाराच्या व्हिसाचा त्याच्या मजुरीच्या हक्काशी संबंध नाही. कागदावर ते खरं आहे, आणि सोलापुरात बसूनही दावा चालवता येतो. पण ज्याला घराचा करार मोडायचा आहे, मुलाचा शाळेचा दाखला काढायचा आहे आणि रोज मुलाखती द्यायच्या आहेत, तो तीन दिवसांच्या रजेसाठी भांडत नाही. कंपन्यांनाही हे कळतं. सकाळी ज्या मोकळिकीचं एवढं कौतुक झालं, ती या माणसाला साठ दिवसांपुरतीच होती. हा मला सरळ अन्याय वाटतो.

बाईंनी सुरुवातीची काही वर्षं ठाण्याच्या कामगार न्यायालयात काढली आहेत. तिथे १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्याखाली आलेला पक्षकार पहिली मागणी करायचा ती 'कामावर परत घ्या' ही. इथे परत घ्या असं म्हणणारा क्वचित भेटतो, त्या म्हणाल्या. "तिकडे माणूस गेटवर तरी उभा राहायचा. इथे बॅज बंद होतो, लॅपटॉप बंद होतो, आणि सहकाऱ्यांचे फोन नंबरसुद्धा त्याच लॅपटॉपात असतात."

कंपनीने दहा आठवड्यांचा पगार एकरकमी देऊ केला होता. बहुतेक वकील इथे रक्कम वाढवून मागतात. बाईंनी रक्कम तशीच ठेवली आणि शेवटचा दिवस पुढे न्यायला सांगितलं. दहा आठवडे एकदम देण्याऐवजी त्यांना तेवढे दिवस पगारपत्रकावर ठेवा, म्हणजे साठ दिवसांची मोजणी नंतर सुरू होईल. सकाळच्या वर्गातले एक व्हिसाचे वकील तिथे थांबले होते, त्यांना हे पटलं नाही. काम न करता पगारावर असलेल्या माणसाकडे इमिग्रेशन खातं कसं बघेल याची हमी नाही, असं ते म्हणाले. बाईंनी ते मान्य केलं आणि पक्षकारालाही तसंच स्पष्ट सांगितलं. खातं साधारणपणे शेवटचा पगार कोणत्या दिवसापर्यंतचा हे बघतं, म्हणून मागून बघायचं. नव्या कंपनीचा अर्ज मात्र त्या तारखेची वाट न बघता, जमेल तितक्या लवकर घालायचा.

चौथ्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं. सहा आठवडे पगारावर, चार एकरकमी. राहिलेलं वाक्य करारात आलं. रजेचे तीन दिवस सहीची वाट न पाहता चुकते केले. गृहस्थांनी सही केली, तेव्हा एक मुलाखत सॅन होजेत आणि एक ऑस्टिनमध्ये ठरलेली होती. बाईंनी त्यांना बजावून सांगितलं की या सहा आठवड्यांतली पगाराची प्रत्येक स्लिप आली त्याच दिवशी मला पाठवायची, आणि एखादी आली नाही तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता फोन करायचा.