रमाबाईंनी न मानलेला आणि मानलेला बोध

पंडिता रमाबाई आणि त्यांची मुलगी मनोरमा यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला, आणि त्यानंतर लगेच रमाबाईंच्या चुका दाखवण्याचे काम सुरू झाले. ते मुख्यतः वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डीन यांच्याकडे आले. रमाबाई त्यांना पत्रांत ‘आजीबाई’ म्हणत. माया दोन्हीकडे खरी होती, पण शिष्या आज्ञेत राहावी ही अपेक्षाही तितकीच खरी होती.

कामोठ्याच्या एका वाचकाने विचारलेला प्रश्न याच अपेक्षेबद्दल आहे: मंडळीतील वडीलधारे सांगतील ते निमूट मान्य करणे म्हणजेच नम्रता का? मराठी ख्रिस्ती इतिहासात या प्रश्नाचे सर्वांत सविस्तर उत्तर वाँटेजच्या पत्रव्यवहारात आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने तो १९७७ मध्ये ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केला. मूळ पत्रे जमवून ठेवली ती जेराल्डीन यांनीच. रमाबाईंनी त्यांना दिलेली सडेतोड उत्तरेही त्यांनी त्यात राहू दिली, ही त्यांच्याही नम्रतेची खूण मानायला हवी.

वाद लहानमोठे होते. रमाबाई शाकाहारी होत्या आणि शाकाहारीच राहिल्या. क्रुसावरची अक्षरे लॅटिनमध्येच का, संस्कृतात का नकोत, असे त्यांनी विचारले. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांना पटत नव्हता आणि न पटता ‘हो’ म्हणणे त्यांना खोटेपणाचे वाटे. १८८५ मध्ये मोठा वाद उभा राहिला. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात डोरोथिया बील यांच्या देखरेखीखाली शिकत असताना रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, हा त्याचा विषय. हिंदुस्थानातील बिशपांचे मत विरुद्ध पडले: अशाने मायदेशी त्यांचा प्रभाव कमी होईल. रमाबाईंनी उत्तर दिले की मायदेशी पुरुषांच्या सभांपुढे त्या पूर्वीच बोललेल्या आहेत. पुढे त्यांनी असेही कळवले की पुरोहितवर्गाचे जू एकदा मानेवरून उतरवल्यावर तसलेच दुसरे जू त्या घेणार नाहीत.

हा हट्ट होता, असे म्हणणारे तेव्हाही होते. पण पत्रे ओळीने वाचली की दिसते, रमाबाई एकही सूचना वाचल्याशिवाय बाजूला टाकत नाहीत. प्रत्येक मुद्द्याला उत्तर देतात, कारण मागतात, शास्त्रवचनाचा आधार मागतात. बोध मान्य करण्याची पहिली पायरी इथेच आहे: तो पूर्ण ऐकणे. आधार न तपासता मान डोलावणे सोपे असते आणि त्यात मन जराही बदलत नाही. मत्तयाच्या १८व्या अध्यायातील क्रमही हेच गृहीत धरतो. आधी दोघांतच बोलायचे, मग एकदोन साक्षीदार, आणि मंडळी शेवटी. तिथे ऐकणाऱ्यालाही बोलायला जागा आहे. अंत्युखियात पौलाने पेत्राला तोंडावर अडवले. तिथेही वजन पौलाच्या पदाला नव्हते, सुवार्तेच्या सत्याला होते.

याच रमाबाईंनी पुढे जो बोध स्वीकारला तो याहून खोल जाणारा होता. कॉर्नवॉलमधील इंग्लिश धर्मगुरू विल्यम हॅस्लम यांचे ‘मृत्यूतून जीवनात’ या आशयाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. उपासना चालवणारा, प्रवचन देणारा हा माणूस १८५१ मध्ये स्वतःच्याच प्रवचनाच्या ओघात ओळखतो की आपले अजून परिवर्तनच झालेले नाही. रमाबाईंना त्यात आपले चित्र दिसले. बाप्तिस्म्याला तेव्हा आठ वर्षे झाली होती, मुलींसाठी काढलेले शारदा सदन उभे होते, देशोदेशी नाव झाले होते. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नाही, असे त्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या साक्षीत उघड लिहिले. बिशपांपुढे न झुकलेली विदुषी एका अनोळखी धर्मगुरूच्या कबुलीपुढे झुकली, कारण इथे कोणी हुकूम दिला नव्हता. ज्या सत्याचा आधार त्या वाँटेजला मागत होत्या, तेच सत्य आता त्यांच्यावर येऊन ठेपले होते आणि त्यांनी त्याला वाट दिली.

रमाबाईंनी प्रत्येक वेळी योग्य तेच मानले, असा निष्कर्ष मात्र काढू नये. शारदा सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता पाळली जाईल, असे आश्वासन होते. रमाबाई स्वतःच्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करत आणि काही मुली तिथे येऊन बसत. त्यावरून १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदींनी सल्लागार मंडळ सोडले. रमाबाईंनी दार बंद केले नाही. उघड्या दारामागे त्यांचा विवेक होता, हे खरेच. पण ज्या पालकांनी आश्वासनावर विसंबून मुली पाठवल्या त्यांची तक्रार निराधार नव्हती. इथे बोध देणारे ख्रिस्ती नव्हते, आणि त्यांचे म्हणणे वाँटेजच्या पुष्कळ उपदेशांपेक्षा अधिक वजनाचे होते. बोध कोण देतो यापेक्षा तो खरा आहे का हे पाहायचे, ही रमाबाईंची स्वतःची कसोटी. ती या प्रसंगाला लावली तर सल्लागारांशी आणखी थोडे बोलणे त्यांच्याकडून व्हायला हवे होते.