फोल्डर गेले कुठे?

शाळेच्या कार्यालयात नवा संगणक येतो, त्यावर ई-मेलचं खातं जोडलं जातं. आलेली पत्रं दिसू लागतात. पण 'शिष्यवृत्ती', 'विज्ञान प्रदर्शन' अशा नावांनी वर्षानुवर्षं लावून ठेवलेले फोल्डर दिसत नाहीत. मग कोणी पासवर्ड बदलतो, कोणी प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकतो. त्याआधी एक साधा प्रश्न विचारायला हवा. ही पत्रं मुळात राहतात कुठे?

पत्र प्रथम पोचतं ते सेवा पुरवणाऱ्याच्या सर्व्हरवर. तिथून ते आपल्याकडे येण्याच्या दोन पद्धती आहेत. 'पॉप' ही पहिली. तिची आज प्रचलित असलेली तिसरी आवृत्ती १९८८ सालची. टपालपेटी उघडायची, पत्रं घरी आणायची आणि बहुधा पेटी रिकामी करायची, असा हा व्यवहार. पॉपला सर्व्हरवरची एकच पेटी कळते, फोल्डर ही कल्पनाच तिच्यात नाही. तेव्हा पॉप वापरून आपण जे फोल्डर केले, ते आपल्या घरच्या कपाटातले कप्पे. सर्व्हरला त्यांचा पत्ताही नसतो.

दुसरी पद्धत 'आयमॅप'. मार्क क्रिस्पिन यांनी ती १९८६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार केली. हिच्यात पत्रं आणि फोल्डर सर्व्हरवरच राहतात. संगणकावर किंवा फोनवर आपण पाहतो ती त्यांची प्रत.

आता तपासणी सोपी आहे. ब्राउझरमधून खातं उघडा. तिथे दिसतं ते सर्व्हरवरचं.

फोल्डर तिथे असतील, तर काळजी नाही. नव्या संगणकावर खातं चुकून पॉपनं जोडलं गेलंय का, ते पाहा. सेटिंगमध्ये पोर्टचा आकडा ९९५ किंवा ११० असेल तर पॉप, ९९३ किंवा १४३ असेल तर आयमॅप. आयमॅप असूनही फोल्डर दिसत नसतील, तर 'सबस्क्राइब' केलेल्या फोल्डरांची यादी पाहा. थंडरबर्डसारखे प्रोग्रॅम सहसा या यादीतलेच फोल्डर दाखवतात. हवे त्यांच्यापुढे खूण केली की झालं. जीमेलमध्ये फोल्डरांऐवजी 'लेबल' असतात आणि प्रत्येक लेबल आयमॅपला दाखवायचं की नाही, हे सेटिंगमध्ये ठरवता येतं. (यादीत & या चिन्हानं सुरू होणारं अगम्य नाव दिसलं तर दचकू नका. जुन्या आयमॅपला फक्त इंग्रजी अक्षरं चालत. देवनागरी नाव सांकेतिक रूपात जातं आणि एखादा प्रोग्रॅम ते उलगडत नाही, इतकंच.)

फोल्डर ब्राउझरमध्येही नसतील, तर मात्र जपून. ती पत्रं बहुधा फक्त जुन्या संगणकाच्या डिस्कवर आहेत, आणि जुना संगणक तर भंगारात काढायचा किंवा फॉरमॅट करायचा ठरलेला असतो! ते आधी थांबवा. जुन्या खात्याला हात न लावता त्याच संगणकावर तेच खातं आयमॅपनं शेजारी जोडा. सर्व्हरवर पुरेशी जागा आहे ना, हे बघून एकेक फोल्डर नव्या खात्याखाली कॉपी करा. 'मूव्ह' नको, मध्येच वीज गेली तर मूळ प्रत तरी हाताशी राहील. मोठ्या फोल्डरांना तासन् तास लागू शकतात. प्रत्येक फोल्डरमधली पत्रांची संख्या ब्राउझरमध्ये जुळली, की नव्या संगणकावर ते आपोआप उतरतील.

वर्गात हे दाखवायचं असेल तर एका संगणकावर 'चाचणी' नावाचा फोल्डर करा आणि तो ब्राउझरमध्ये उगवतो का, हे मुलांनाच पाहू द्या. खातं पॉपचं की आयमॅपचं, हे ती सांगतील.