'होईल' म्हणण्याआधी

शनिवारी संध्याकाळी आपल्यातल्या कुणाकडेही जेवायला जा, वरणभात येईपर्यंत गप्पांची गाडी घरांच्या किमतींवरून 'स्प्रिंट'वर येतेच. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही ती मंडळी बिचारी पापड मोडत बसतात. त्यांच्यासाठी, आणि नुकतेच इथे येऊन पहिल्या नोकरीला लागलेल्यांसाठी, हा लेखनप्रपंच.

आम्हाला नोकरी लागली नॉरवेस्टला. कॅसल हिलहून मेट्रोने दुसरं स्टेशन (ही मेट्रो मे २०१९ मध्ये सुरू झाली; त्याआधीच्या बसच्या कथा जुन्या रहिवाशांकडून ऐकाव्यात). प्रोबेशन सहा महिन्यांचं. 'अजाईल' पुण्यातही केलं होतं, त्यामुळे छाती पुढे काढूनच गेलो. पण पुण्यात सकाळची ती उभ्याउभ्याची पंधरा मिनिटं म्हणजे साहेबांसमोरची हजेरी. साहेब विचारणार, "झालं का?" आणि आपण म्हणणार, "होईल सर, उद्यापर्यंत होईल."

इथेही आम्ही तेच म्हणालो. आमच्याकडे एक लहानसं काम होतं, नवा अर्ज जुन्या हिशेबाच्या यंत्रणेला जोडायचं. दोन दिवसांत तिची परवानगीच मिळेना. सोमवारी म्हणालो, होईल. मंगळवारी म्हणालो, होईल. बुधवारीही तेच. गुरुवारी शेजारच्या टेबलावरची मुलगी सहज म्हणाली, "ती परवानगी माझ्याकडेच असते. सोमवारी सांगितलं असतंस तर दहा मिनिटांत दिली असती." शुक्रवारी ग्राहकासमोर काम दाखवायचं होतं. आमचा तुकडा नव्हता. साहेब ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "उशिराचं काही नाही. पण सोमवारी कळलं असतं, तर मंगळवारीच ग्राहकाच्या कानावर घातलं असतं." त्या रात्री झोप लागली नाही. घराचं भाडं, मुलीची शाळा, सगळं त्या प्रोबेशनवर टांगलेलं!

सौ.ला सांगितलं, तर ती म्हणाली, "अहो, घरी तरी काय वेगळं? नळ दुरुस्त करतो म्हणून तीन शनिवार झाले!"

त्याच सुमाराला बाबा आले होते. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त. म्हणाले, "काम किती दिवसांचं ते सांगता येत नाही म्हणजे काय? आम्ही धरणाचा आराखडा आधी पुरा करायचो, मग पहिला दगड." त्यांना समजावताना आम्हालाच नीट समजलं. अर्धी भिंत उठल्यावर धरण दुसऱ्या नदीवर हलवता येत नाही. सॉफ्टवेअरमध्ये मात्र ग्राहकाला हातात वस्तू पडल्यावरच कळतं, की त्याला दुसरंच हवं होतं. म्हणून फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत युटामधल्या स्नोबर्डला सतरा जण जमले आणि त्यांनी जाहीरनामा लिहिला. त्यातला एक मुद्दा असा, की आराखड्याला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला सामोरं जाणं जास्त मोलाचं. आराखडा टाकून द्या, असं मात्र त्यांनी म्हटलेलं नाही. आपल्याकडे अर्धंच वाचलं जातं!

म्हणून कामाची भली मोठी यादी करायची, सगळ्यात गरजेचं वर ठेवायचं, आणि वरचं थोडंसंच उचलून दोनतीन आठवड्यांत पुरं करायचं. 'पुरं' म्हणजे काय, तेही आधी ठरवायचं. बाबांना आम्ही दिवाळीचा दाखला दिला: चकली तळली म्हणजे झाली नाही, निवून डब्यात गेली, झाकण लागलं, की झाली.

अंदाजाची गंमत वेगळीच. दिवस मोजायचे नाहीत, आकार मोजायचा. प्रत्येकाच्या हातात पत्ते: १, २, ३, ५, ८, १३. सगळ्यांनी एकदम उलटायचे, म्हणजे मोठ्या साहेबांचा आकडा बघून कुणी मान डोलवत नाही. जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ मध्ये ही रीत काढली. एकाचा ३ आणि दुसऱ्याचा १३ आला, की खरी चर्चा सुरू होते. १३ वाल्याला बहुधा कुठला तरी खड्डा ठाऊक असतो. आपली नवी माणसं तिथे भिडेपोटी लहान आकडा टाकतात. टाकू नका हो!

आणखी एक. 'स्क्रम'च्या नियमपुस्तिकेत पूर्वी संघाने कामाचं वचन द्यायचं असे. २०११ मध्ये तो शब्द काढून तिथे 'अंदाज' आणला. कुणावर सूड उगवायला नाही, तर पावसाच्या अंदाजासारखा, रोज सुधारायला. सकाळची पंधरा मिनिटंही त्यासाठीच. ती साहेबांची नाहीत, काम करणाऱ्यांची आहेत.

पुढच्या सोमवारी आमची पाळी आली. घसा कोरडा पडला होता. म्हणालो, "अडकलोय. कालपासून. मदत हवी." कुणी वळूनही पाहिलं नाही, दोघं खुर्च्या ओढून आमच्या टेबलाशी आले आणि जेवणाच्या सुट्टीच्या आत काम सुटलं. सहा महिन्यांनी कायम झाल्याचं पत्र मिळालं.

नळ मात्र शेवटी प्लंबरनेच दुरुस्त केला.