विमानाचें पोट आणि मोलाची पेटी

विमानप्रवास ही पूर्वीं नवलाची गोष्ट होती. आतां ती घरोघरची झाली आहे. कोणाची कन्या बाळंतपणासाठीं आईची वाट पाहात सातासमुद्रांपलीकडे बसलेली असते, कोणाचा नातू शिक्षणासाठीं जर्मनीस निघालेला असतो, आणि कोणाच्या घरचें लग्नच मुळीं परदेशीं ठरलेलें असतें. अशा वेळीं निघण्याच्या आदल्या आठवड्यांत माजघरांत जी परिषद भरते, तींत एक प्रश्न हटकून निघतो. चिरंजिवांनीं हौसेनें आणलेली पाऊण लाखाची सुटकेस विमानाच्या पोटांत जाऊं द्यावी कीं नाहीं? तरुण मंडळी म्हणतात, "इतकी महाग घेतली, ती काय माळ्यावर ठेवायला?" वडील मंडळी म्हणतात, "इतकी महाग घेतली, ती काय लोकांनीं आपटायला?" दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत तथ्य आहे, आणि म्हणूनच वाद मिटत नाहीं.

आमच्या मतें या एका प्रश्नांत दोन प्रश्न गुंतलेले आहेत. एक पेटीच्या किंमतीचा, दुसरा पेटींतील वस्तूंच्या किंमतीचा. ते सोडवून वेगळे केले, म्हणजे उत्तर फारसें कठीण राहात नाहीं.

प्रथम पेटीचाच प्रवास पाहूं. विमानतळावरील काउंटरवर तिच्या मुठीला दहा आंकडी क्रमांकाची चिठ्ठी लागते व ती पडद्याआड दिसेनाशी होते. तेथून ती एका पट्ट्यावरून दुसऱ्या पट्ट्यावर जाते, क्ष-किरणांच्या यंत्रांतून निघते, उतारावरून घसरते आणि गाडीवर चढते. मोठ्या विमानांत अशा पेट्या धातूच्या मोठ्या डब्यांत भरून डबाच आंत सरकवतात. लहान विमानांत बहुधा माणसें त्या हातांनीं रचतात. तिच्या अंगावर चार पेट्यांचा भार पडणें आणि तिचा कोपरा दुसरीच्या पाठींत रुतणें हें तेथें नित्याचेंच आहे. परदेशच्या प्रवासांत एका पेटीचें वजन साधारणतः २३ किलो असतें, आणि ३२ किलोंवरची पेटी सहसा स्वीकारतच नाहींत; कारण ती उचलणाऱ्यालाही पाठ असते. तेव्हां ओरखडा हा अपघात नव्हे, तो त्या मार्गाचा धर्म आहे. विमान-कंपन्यांच्या नियमांत ओरखडे, डाग, किरकोळ पोंचे यांची गणना नेहमींच्या झिजेंत केलेली असते, आणि त्यांची भरपाई बहुधा मिळत नाहीं.

हें पेट्या करणारे कारागीरही जाणून आहेत. जर्मनींतील कोलोन शहरीं १८९८ सालीं निघालेल्या रिमोवा कंपनीनें १९३७ सालीं ॲल्युमिनियमची पेटी आणली, १९५० सालीं तिच्यावर त्या सुप्रसिद्ध पन्हळ्या पाडल्या आणि २००० सालीं पॉलिकार्बोनेटची हलकी पेटी बाजारांत ठेवली. ॲल्युमिनियम चेपतें, पण सहसा फुटत नाहीं. पॉलिकार्बोनेट दाबाखालीं वांकतें आणि पुन्हा उभें राहतें. म्हणजे चांगल्या पेटीचा चांगुलपणा मार खाऊनही आंतल्या वस्तु राखण्यांत आहे, चकचकीत राहण्यांत नाहीं. जन्मभराची हमी देणारे कारखानदारसुद्धां पेटीच्या कामाची हमी देतात, रंगरूपाची देत नाहींत. म्हणून पेटीसाठीं पैसा मोजावयाचा तो चाकें, मूठ, बिजागरी व सांधे यांच्या मजबुतीसाठीं आणि मोडलेलें चाक आपल्या गांवीं बदलून मिळतें कीं नाहीं हें पाहून मोजावा. जिच्यावर ओरखडा उठतांच आपल्या काळजावर ओरखडा उठेल, अशी पेटी प्रवासासाठीं घेऊंच नये. ती प्रवासाची पेटी नव्हे, दिवाणखान्यांतील शोभेची वस्तु होय.

आतां दुसरा व महत्त्वाचा प्रश्न. पेटींत काय घालावें? येथें आमच्या जुन्या धर्मशास्त्राची आठवण होते. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत ठेवीचा विचार आला आहे. पेटींत घातलेली वस्तु, आंत काय आहे हें न सांगतां, दुसऱ्याच्या हातीं सोंपवली, तर तिला औपनिधिक अशी संज्ञा आहे. ती जशी दिली तशीच परत केली पाहिजे. पण राजानें, दैवानें किंवा चोरानें ती नेली, तर ठेवून घेणाऱ्याकडून भरून घेऊं नये, असा तेथें निर्णय आहे. मोजून, दाखवून दिलेली ठेव निराळी आणि बंद पेटींतील न सांगितलेली ठेव निराळी, हा भेद मिताक्षरेनें स्पष्ट केला आहे. विमानतळावर आपण जी पेटी देतों, ती या अर्थानें औपनिधिकच नव्हे काय? आंत काय आहे आणि त्याचें मोल काय, हें आपण सांगत नाहीं आणि कंपनी विचारीत नाहीं.

इंग्रजी अमदानींतला कायदाही याच वाटेनें गेला. वाहकांसंबंधीं १८६५ सालीं जो कायदा झाला, त्यांत सोनें, चांदी, रत्नें, घड्याळें, शाली वगैरे वस्तूंची यादीच दिलेली होती. अशा वस्तु १०० रुपयांहून अधिक किंमतीच्या असल्या, आणि तें मोल आधीं सांगितलेलें नसलें, तर त्या हरवल्याची जबाबदारी सामान्यतः वाहकावर येत नसे.

आजचा विमानांचा कायदा शब्दांनीं निराळा, पण तत्त्वानें तोच आहे. १९९९ सालीं माँट्रियल येथें राष्ट्रांचा करार झाला, तो २००३ पासून अंमलांत आला, आणि हिंदुस्थान २००९ सालीं त्यांत सामील झाला. त्या अन्वयें परदेशच्या प्रवासांत पोटांतील सामान हरवलें, मोडलें किंवा उशिरा आलें, तर कंपनीची जबाबदारी एका उतारूमागें एका ठराविक मर्यादेपर्यंतच असते. २८ डिसेंबर २०२४ पासून ही मर्यादा १,५१९ स्पेशल ड्रॉइंग राइट्स इतकी आहे. हें आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचें हिशेबी चलन असून, ही रक्कम ढोबळ मानानें पावणेदोन लाख रुपयांच्या आसपास जाते. देशांतल्या देशांत तर सर्वसाधारण मर्यादा अवघी २०,००० रुपये आहे! आणि या रकमा पेटी व आंतील वस्तु मिळून आहेत. शिवाय त्या आपोआप हातांत पडत नाहींत, नुकसान सिद्ध करावें लागतें. म्हणजे पाऊण लाखाची रिकामी सुटकेस पुण्याहून दिल्लीस जातांना हरवली, तरी पंचावन्न हजारांवर पाणी सोडावें लागण्याची वेळ येते. मोल आधीं जाहीर करून व जादा आकार भरून ही मर्यादा वाढवून घेण्याची सोय माँट्रियल करारांत आहे. परंतु तिची माहिती असणारे उतारू थोडे, आणि काउंटरवर तिचा उपयोग करणारे त्याहूनही थोडे.

"पण सामान असें हरवतें तरी किती?" असें कोणी विचारील. भीतीचा बाऊ करण्याची आमची इच्छा नाहीं. या व्यवहाराची आंकडेवारी ठेवणाऱ्या सिटा या संस्थेच्या अहवालांप्रमाणें २००७ सालीं दर हजार उतारूंमागें सुमारे १९ पेट्यांची हेळसांड होत असे. २०२४ सालीं तो आंकडा ६.३ वर आला आहे, आणि त्यांतील बहुतेक पेट्या केवळ उशिरा पोंचलेल्या असतात. तरी कांहीं कायमच्या जातातच. अमेरिकेंत अलाबामा संस्थानांतील स्कॉट्सबरो या गांवीं, धनी न सांपडलेल्या अशा पेट्यांतील वस्तु विकणारें एक प्रचंड दुकान १९७० पासून चाललें आहे. तेथील दागिन्यांकडे पाहून कोणाच्या तरी आजीचा कंठ दाटून आला असेल, हें सांगावयास नको.

कुलुपावर भिस्त ठेवणाऱ्यांनींही दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. चेनची पेटी साध्या बॉलपेनाच्या टोंकानें उघडतां येते आणि चेन फिरवून पुन्हा मिटवतां येते. कुलूप मात्र जागच्या जागीं शाबूत राहतें. अमेरिकेंत तर तपासणी-खातें आपल्या मान्य कुलुपांखेरीज इतर कुलपें तोडूं शकतें. आणि त्या मान्य कुलुपांच्या सर्वकिल्ल्यांचीं छायाचित्रें मागें छापलीं गेल्यामुळें, २०१५ सालीं त्यांच्या प्रतिकृतीही लोकांनीं तयार केल्या. कुलूप हें सज्जनांसाठीं असतें, ही म्हण येथें अक्षरशः खरी ठरते.

मग उपाय काय? घरांतील जुना संस्कार असा, कीं मोलाची वस्तु पेटीच्या तळाशीं, लुगड्याच्या घडींत, कुलुपाआड ठेवावी. हातांत ठेवली तर कोणी हिसकावील. आगगाडीच्या प्रवासांत ती ट्रंक आपल्याच बांकाखालीं असे, म्हणून हा संस्कार खरा होता. विमानांत ट्रंक आपल्यापासून तुटते, येथेंच सारा फरक पडतो. घरीं जें कुलुपांत असतें तें सुरक्षित. विमानप्रवासांत जें जवळ असतें तें सुरक्षित. म्हणून आमचा नियम एकच आहे: जें गेलें असतां केवळ पैसा जाईल, आणि तोही वर सांगितलेल्या मर्यादेच्या आंतला, तें पोटांत द्यावें; जें गेलें असतां पैशानें परत येणार नाहीं, तें अंगावेगळें करूं नये. आजीच्या पाटल्या, देव्हाऱ्यांतील टाक, पदवीचीं मूळ प्रमाणपत्रें, रोजचीं औषधें व त्यांची चिठ्ठी, जास्तीचा चष्मा, हस्तलिखितें हीं दुसऱ्या वर्गांतलीं. सासरीं जाणाऱ्या मुलीच्या गळ्यांत पडावयाचें सोनें वजनावर भरून देतां येईल. पण तिच्या पणजीनें घडवलेलें सोनें कोणती कंपनी भरून देणार?

वाद्यांचा प्रश्न याहून नाजूक आहे. कॅनडांतील डेव्ह कॅरोल या गायकाची गिटार २००८ सालीं शिकागोच्या विमानतळावर सामान हाताळतांना मोडली. दुरुस्तीस १,२०० डॉलर लागले, आणि तक्रार २४ तासांच्या आंत न आल्याची सबब सांगून कंपनीनें भरपाई नाकारली. पुढें त्यानें त्यावर गाणें रचलें, आणि तें जगभर गाजलें. मिरजेच्या तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, ही आपल्या अभिमानाची गोष्ट. पण त्याचा भोपळा मानांकन पाहून तडकावयाचा थांबत नाहीं. ज्यांना तो नेणें प्राप्तच आहे, त्यांनीं टणक कवचाची पेटी करून घ्यावी, तारा सैल कराव्या, आणि कंपनी देत असल्यास शेजारचें आसन विकत घ्यावें.

हातांतील सामानालाही मर्यादा आहेच. आपल्याकडे तें सामान्यतः ७ किलो असतें, आणि विमान भरलें कीं दारापाशींच हातांतील पेटी मागून घेऊन पोटांत टाकतात. म्हणून मोलाच्या वस्तु त्या पेटींतही सुट्या न ठेवतां एका लहान पिशवींत ठेवाव्या. वेळ येतांच पिशवी काढून घेतां येते. वरच्या कप्प्यापेक्षां ती पायाशीं ठेवावी. कारण हातांतील सामानाचें नुकसान कंपनीच्या चुकीनें झालें असेल, तरच ती जबाबदार ठरते. उलट, पॉवर बँक व सुटे लिथियम विद्युत्घट पोटांत देण्यास सक्त मनाई आहे. ते पेट घेतात, म्हणून डोळ्यांसमोरच असावे लागतात. ज्या महागड्या पेट्यांत विद्युत्घट न निघणारा बसवलेला असतो, त्या तर २०१८ पासून पुष्कळ कंपन्या घेतच नाहींत.

शेवटीं कर्तव्याच्या चार गोष्टी. पेटी बंद करण्यापूर्वीं आंतील वस्तूंचीं व पेटीचीं छायाचित्रें घ्यावीं. महाग वस्तूंच्या पावत्या जपाव्या. पेटी मोडकी आली किंवा आलीच नाहीं, तर विमानतळाचें दालन सोडण्यापूर्वीं कंपनीकडे लेखी नोंद करून तिची प्रत घ्यावी. माँट्रियल करारान्वयें मोडतोडीची तक्रार पेटी मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिराची २१ दिवसांत लेखी गेली पाहिजे; २१ दिवस लोटूनही पेटी आली नाहीं, तर हरवलेली समजून भरपाई मागतां येते. एकट्यानें जाणाऱ्या वृद्धांच्या हातीं हें सारें मोठ्या अक्षरांत लिहून द्यावें; परक्या देशांत, झोपमोड झालेल्या अवस्थेंत, त्यांना तें आठवेलच असें नाहीं.

तेव्हां पाऊण लाखाच्या सुटकेसचें काय? परदेशीं जातांना ती खुशाल पोटांत द्यावी; मार खाण्यासाठींच ती जन्मली आहे. फक्त तिचें व आंतल्या कपड्यालत्त्याचें मोल मिळून मर्यादेच्या आंत आहे, एवढें पाहावें. देशांतल्या देशांत मात्र साधी पेटी न्यावी, आणि ती सुटकेस दोन-चार महिने माळ्यावर राहिली तर राहूं द्यावी. तींत आजीच्या पाटल्या नाहींत, याची खात्री करून घेतली, म्हणजे तरुण आणि वडील दोन्ही पक्ष निश्चिंतपणें विमानांत डोळा लावूं शकतील. इत्यलम्.