नऊ कोटी वेळा मागवलेलं फूल
जालाच्या पोटात : भाग 14

कल्हईवर मी चार वर्षांपूर्वी एक लेख लिहिला होता. नवसागराचा धूर, भात्याची फरफर, कापसाचा बोळा फिरला की चांदीसारखं उजळणारं पातेलं, असा सगळा आठवणींचा मामला. एका ऑनलाइन दिवाळी अंकात तो आला आणि रीतीप्रमाणे विसरला गेला. दिवसाला तीन-चार वाचक, तेही बहुधा कल्हई कुठे करून मिळेल हे शोधत चुकून आलेले. मागच्या महिन्यात एका मंगळवारी चहा घेता घेता त्याचा आलेख उघडला, तर सपाट माळावर दीपमाळ उभी असावी तशी एक रेघ सरळ वर गेलेली. एका दिवसात हजारो भेटी! बायकोला हाक मारून दाखवलं. पाचेक मिनिटं आम्ही दोघंही कल्हईला चांगले दिवस आल्याच्या समजुतीत होतो.

मग शेजारचे रकाने पाहिले. जवळपास सगळ्या भेटी परदेशातल्या एकाच शहरातून. पानावर थांबल्याचा वेळ शून्य सेकंद. आणि चोवीस तासांत दर तासाचा आकडा जवळजवळ तोच. माणसं झोपतात, जेवतात, लोकल पकडतात, त्यामुळे त्यांचा आलेख दिवसभर वरखाली होत राहतो. या आलेखाने मात्र डोळ्याला डोळा लावला नव्हता. माझी कल्हई यंत्रांनी वाचली होती. वाचली म्हणजे उचलून नेली.

आलेख झोपतो का, हे पाहण्याची खूण बरी आहे, पण तिच्यावर फार विसंबता येत नाही. त्याचा सर्वांत गमतीदार दाखला आपल्याच देशातून गेलेला आहे.

2021 च्या फेब्रुवारीत विकिमीडियाच्या, म्हणजे विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेच्या, अभियंत्यांच्या लक्षात आलं की एका फुलाच्या छायाचित्राला रोज सुमारे 9 कोटी वेळा मागणी येते आहे. फूल अॅस्टरचं. जांभळट पाकळ्या, मधे पिवळा गोंडा. नर्सरीत कुंडीपाशी थांबून दुसऱ्या क्षणी विसरावं असं. त्यांच्या एका डेटा सेंटरमधून जेवढी चित्रं आणि इतर माध्यमं मागितली जात होती, त्यातली 20 टक्के मागणी या एका चित्राची होती. ती येत होती भारतातून, वेगवेगळ्या इंटरनेट कंपन्यांच्या जोडण्यांवरून, अगणित पत्त्यांवरून. आणि हा आलेख झोपत होता! माणसांच्या दिनक्रमाप्रमाणे त्याला भरती-ओहोटी होती. म्हणजे पलीकडे खरीखुरी माणसं होती. पण रोज सकाळी उठून न्यूयॉर्ककडचं अॅस्टर बघण्याचं व्रत इतक्या भारतीयांनी कधी घेतलं?

अभियंत्यांना संशय आला तो मोबाइल अॅपचा. जुने आकडे काढल्यावर दिसलं की 2020 च्या जूनच्या सुरुवातीला या चित्राला कुणी विचारत नव्हतं, आणि महिना संपेपर्यंत मागणी रोजच्या कोट्यवधींत गेली होती. तो महिना आपल्याला आठवतो. गलवाननंतर 29 जूनला सरकारने टिकटॉकसह 59 अॅप्सवर बंदी घातली आणि सगळा देश टिकटॉकच्या जागी काय घ्यावं हे शोधत सुटला. मग भारतात चालणारी अॅप्स एकेक करून फोनवर चढवायची, उघडायची आणि ती कुठे कुठे हात पसरतात ते बघायचं, असा उद्योग झाला. त्यात एक अॅप सापडलं. ते उघडलं की पहिल्यांदा हे फूल मागवायचं, आणि दाखवायचं मात्र नाही. अॅपचं नाव विकिमीडियाने जाहीर केलं नाही. माझा तर्क असा, की कुणा प्रोग्रामरने चाचणीपुरती ती ओळ लिहिली असेल आणि काढायची राहून गेली असेल. लग्नघरात एखाद्याने ‘नमुन्याला एक हार आणा’ म्हणावं आणि फुलवाल्याने तो कायमचा रतीब समजावा, तसलं काहीतरी.

तर रोज 9 कोटी हिट्स, आणि पाहणारा एकही नाही.

क्लिओपात्राची गोष्ट याच जातीची. गेल्या काही वर्षांत इंग्रजी विकिपीडियावरच्या तिच्या लेखाला महिनोन् महिने अफाट भेटी आल्या. ना सिनेमा, ना उत्खनन. कारण निघालं ते अँड्रॉइड फोनमधलं. गूगल असिस्टंट लोकांना ‘असं म्हणून बघा’ म्हणून जी उदाहरणं सुचवत होता, त्यात विकिपीडियावर क्लिओपात्रा दाखव असं एक वाक्य होतं. लोकांनी ते दाबून पाहिलं. इजिप्तच्या राणीबद्दल कुतूहल कितीजणांना होतं आणि बोट किती जणांचं चुकून पडलं, हे कोण सांगणार?

खऱ्या माणसांची खरी लाट कशी असते? 25 जून 2009. मायकल जॅक्सन गेल्याची बातमी आली आणि तासाभरात सुमारे 10 लाख लोक त्याच्या लेखावर आले. विकिपीडिया गुदमरला. पण नुसत्या गर्दीने गुदमरला असं म्हणणं अर्धवट आहे. मागच्या भागात आपण कॅशे पाहिला, म्हणजे तयार करून ठेवलेल्या पानांचा साठा. वडापावच्या गाडीवर परातीत तळलेले वडे तयार असतात, म्हणून शंभर गिऱ्हाइकं आली तरी हात चालतो. जॅक्सनच्या लेखात त्या दिवशी लोक सतत दुरुस्त्या करत होते, आणि दर दुरुस्तीबरोबर परातीतला माल शिळा ठरत होता. शेकडो संदर्भ असलेलं ते लांबलचक पान नव्याने मांडायला काही सेकंद लागायचे. तेवढ्यात हजारो मागण्या यायच्या, आणि प्रत्येक सर्व्हर शेजारच्याला न विचारता तोच वडा स्वतःच्या कढईत तळायला घ्यायचा. सगळ्या शेगड्या पेटलेल्या आणि गिऱ्हाइकाच्या हातात काहीच नाही! त्यानंतर विकिमीडियाने पूलकाउंटर नावाची सोय केली. एकाने तळायचं, बाकीच्यांनी थांबायचं, आणि रांग फारच लांबली तर मघाचाच वडा द्यायचा. एखादी दुरुस्ती अर्धा मिनिट उशिरा दिसली म्हणून कुणाचं बिघडत नाही.

पंधरा वर्षांनी, 2024 च्या डिसेंबरअखेर जिमी कार्टर वारले. त्यांच्या लेखाला दिवसभरात 28 लाख भेटी आल्या, आणि त्या विकिमीडियाने सहज पेलल्या. अडचण आली ती लोकांनी त्याच सुमारास 1980 च्या कार्टर-रेगन वादसभेचा दीड तासाचा व्हिडिओ लावल्यामुळे. काही जोडण्या तासाभर तुडुंब भरल्या. चौकशीत दिसलं ते असं, की पात्र आधीच काठोकाठ होतं. एआयसाठी मजकूर आणि चित्रं गोळा करणाऱ्या बॉट्समुळे 2024 च्या जानेवारीपासून माध्यमांची वाहतूक निम्म्याने वाढलेली होती. हे बॉट्स आता माणसांचं सोंगही छान आणतात. 2025 च्या मे-जूनमध्ये ब्राझीलमधून वाचकांचा पूर आल्यासारखा दिसला. ओळखण्याची पद्धत सुधारून आकडे पुन्हा मोजले, तेव्हा त्यातला मोठा भाग बॉट्सचा निघाला. तो वजा केल्यावर माणसांच्या भेटी आदल्या वर्षापेक्षा सुमारे 8 टक्क्यांनी घटलेल्या होत्या. पूर म्हणून पाहिलं, ती ओहोटी होती.

मोजणीत घरचीच माणसं धरली जातात, ही आणखी एक गंमत. गायिका बार्ब्रा स्ट्रायसंडने 2003 मध्ये आपल्या किनाऱ्यावरच्या घराचं छायाचित्र जालावरून काढायला लावण्यासाठी 5 कोटी डॉलरचा दावा लावला. बोभाटा झाल्यावर महिन्याभरात चार लाखांवर लोकांनी ती साइट पाहिली, हे सगळे सांगतात. मला त्याच्या आधीचा आकडा आवडतो. दाव्यापूर्वी ते छायाचित्र अवघं 6 वेळा उतरवून घेतलेलं होतं, आणि त्यातल्या 2 वेळा तिच्याच वकिलांनी.

माझा आलेख बुधवारी पुन्हा सपाट झाला. तरी मी त्या मंगळवारच्या हजारो नोंदी चिकाटीने चाळल्या. सगळ्या शून्य सेकंदांच्या, एक सोडून. ती भेट चांगली अकरा मिनिटांची होती, पुण्यातून, लेखाच्या थेट शेवटच्या ओळीपर्यंत गेलेली. मी ती बायकोला मोठ्या तोऱ्यात दाखवली. तिने वेळ बघितली आणि म्हणाली, “सकाळी पावणेआठ. अरे, चहा गार होईपर्यंत तूच वाचत बसला होतास.”

(पुढील भागात : बॉटला दारात अडवायचं कसं)