घरच्या शेडात ट्रॅक्टरची दुरुस्ती : घ्यावयाची खबरदारी

नांगराचा फाळ बोथट झाला तर तो लोहाराकडून पाजळून आणावा, जू मोडले तर सुताराकडून नवे करून घ्यावे, इतकीच अवजारांची दुरुस्ती आपल्या वाडवडिलांस ठाऊक होती. आज नायगावकडील काळ्या रानात नांगरटीपासून सोयाबीनच्या पेरणीपर्यंत बहुतेक कामे ट्रॅक्टरने होतात. आणि मृग तोंडावर आला म्हणजे मिस्त्री वेळेवर मिळत नाही. म्हणून चाक काढणे, रोटाव्हेटरची पाती बदलणे ही कामे पुष्कळ शेतकरी घरच्या शेडातच करतात. हे स्वावलंबन स्तुत्य होय. परंतु त्याचे काही नियम आहेत.

पहिला नियम असा की, जॅक हे ओझे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. तेलाच्या जॅकमध्ये सर्व भार आतील तेलावर असतो व ते तेल एका लहानशा रबरी कड्याने अडविलेले असते. कडे झिजले तर ओझे हळूहळू खाली येते, फाटले तर एकदम.

दुसरे कारण आपल्या जमिनीत आहे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते व ओल लागताच मऊ होते. मागचे एक चाक उचलताना जॅकवर सुमारे ६०० किलो भार येतो असे धरू. जॅकची बैठक १२ सेंटिमीटर लांब व तितकीच रुंद असेल, तर दर चौरस सेंटिमीटरवर ४ किलोंहून अधिक दाब पडतो. तिच्याखाली ४५ बाय ३० सेंटिमीटरची जाड फळी घातली, तर तोच दाब अर्ध्या किलोहूनही कमी होतो. फळीवाचून जॅक मातीवर ठेवणे म्हणजे तो कलंडण्याची वाट पाहणेच होय.

चाक काढावयाचे असता पुढील क्रम ठेवावा. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून जोडलेले अवजार जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करावे व किल्ली आपल्या खिशात ठेवावी. हातब्रेक लावून उरलेल्या चाकांस पुढून व मागून अडसर द्यावा. पुढचा आस मध्यभागी खिळीवर डोलणारा असतो. म्हणून आस व सांगाडा यांमध्ये दोन्ही बाजूंस लाकडी पाचरी ठोकाव्यात, नाहीतर मागे उचलताच यंत्र एका अंगास झुकते. चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करावे. मग जॅकने उचलून मागील आसाखाली बाभळीचे ठोकळे आडवे-उभे रचावेत व सर्व भार त्यांवर उतरवावा. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ठोकळे वापरू नयेत. ते पूर्वसूचना न देता फुटतात.

लिफ्टने उचलून धरलेल्या रोटाव्हेटरलाही हाच नियम लागू आहे. त्याखाली ठोकळे दिल्यावाचून पात्यांस हात लावू नये.

पीटीओचा शाफ्ट मिनिटास ५४० फेरे, म्हणजे सेकंदास ९ फेरे घेतो. उपरण्याचे किंवा पदराचे टोक त्यात सापडले, तर ओरडण्यासही अवधी मिळत नाही. दुरुस्तीसाठी काढलेले आच्छादन परत बसविल्यावाचून यंत्र सुरू करू नये. डिझेलची किंवा लिफ्टच्या तेलाची गळती बोटाने चाचपू नये. दाबाने निघालेली बारीक धार कातडीत शिरते. अशी जखम टाचणीएवढी दिसली तरी तत्काळ दवाखाना गाठावा. गळती शोधण्यास पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. बॅटरी सोडविताना ऋण तार प्रथम काढावी व जोडताना शेवटी जोडावी.

ब्रेक, लिफ्टचा पंप व डिझेलचा पंप यांची कामे जाणत्या मिस्त्रीवरच सोपवावी. इतर कामांच्या वेळीही एक समजूतदार माणूस जवळ असावा व मुले दूर असावीत. ठोकळे रचण्यास दहा मिनिटे लागतात. पेरणी तेवढ्याने खोळंबत नाही. घरचा कर्ता माणूस अंथरुणास खिळला, तर मात्र सारा हंगाम बुडतो.